जीएसटी आणि छोटा व्यावसायिक: कर ग्राहकाचा, मग ओझं कुणाचं?

वस्तू आणि सेवा कर, म्हणजेच जीएसटी, हा उपभोगावरचा कर आहे. कायद्याच्या दृष्टीने तो भरतो शेवटचा ग्राहक, म्हणजे वस्तू घरी नेऊन वापरणारा माणूस. मधले सगळे, कारखानदार, घाऊक व्यापारी, दुकानदार, तो कर फक्त गोळा करतात आणि सरकारजमा करतात. तत्त्व इतकं सरळ असेल, तर यंत्रमागधारकापासून फरसाणवाल्यापर्यंत अनेकजण ‘जीएसटीने कंबरडं मोडलं’ असं का म्हणतात? आणि त्याच बाजारात ‘जकात गेली, सुटलो एकदाचे’ असं म्हणणारेही का भेटतात?

दोघंही खरं बोलत असतात. हा कर कुणाला कसा लागतो, हे धंदा किती मोठा आहे यावर जितकं ठरतं, त्याहून जास्त ते गिऱ्हाईक कोण आहे, पैसे किती दिवसांनी मिळतात आणि मालात मजुरीचा वाटा किती आहे, यावर ठरतं. करदरांवर चर्चा खूप होते, पण छोट्या व्यावसायिकाची खरी तक्रार बहुतेक वेळा दराबद्दल नसतेच.

१ जुलै २०१७ च्या आधी काय होतं?

जीएसटीला वाईट म्हणण्याआधी जुनी व्यवस्था आठवायला हवी. कारखान्यातून माल निघताना केंद्राचं उत्पादन शुल्क, राज्यात विक्री झाली की व्हॅट, परराज्यात विकला की केंद्रीय विक्रीकर, सेवेवर सेवा कर आणि शहरात माल शिरताना जकात किंवा एलबीटी. प्रत्येकाचं खातं वेगळं आणि अधिकारी वेगळा. सगळ्यात त्रासदायक भाग असा, की एका कराचं क्रेडिट दुसऱ्यात चालत नसे. गुजरातमधून माल आणला तर त्यावरचा केंद्रीय विक्रीकर थेट खर्चात जायचा. दुकानाच्या भाड्यावर सेवा कर भरला, तरी व्यापाऱ्याला तो व्हॅटमधून वळता करता येत नसे. करावर कर चढत जायचा.

महाराष्ट्रात जकातीचा आणि एलबीटीचा राग तर रस्त्यावरच उतरला होता. २०१३ मध्ये व्यापाऱ्यांनी एलबीटीविरोधात दीर्घ बंद पाळला. अखेर १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना एलबीटीतून सूट मिळाली. मुंबईत मात्र जकात जीएसटी येईपर्यंत सुरूच होती. दहिसर, मुलुंड, मानखुर्द इथल्या नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा आठवत असतील, त्यांना ‘सुटलो’ या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

पण जुन्या व्यवस्थेत छोट्या उत्पादकाला एक मोठी सवलत होती, आणि तिची आठवण आज फारशी निघत नाही. लघुउद्योगाला वर्षाला दीड कोटी रुपयांपर्यंतच्या मालावर उत्पादन शुल्क माफ होतं. साठ-सत्तर लाखांचा माल बनवणारा लघुउद्योजक व्हॅट भरायचा, पण उत्पादन शुल्काच्या वाटेला त्याला जावं लागत नसे. मोठ्या कारखान्याच्या तुलनेत त्याचा माल त्यामुळे थोडा स्वस्त पडायचा. जीएसटीत ही सवलत संपली. नोंदणीची मर्यादा सुरुवातीला २० लाख होती. १ एप्रिल २०१९ पासून फक्त मालाचा धंदा करणाऱ्यांसाठी ती महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत ४० लाख झाली. सेवा देणाऱ्यांसाठी ती २० लाखच राहिली. म्हणजे दीड कोटींच्या कुंपणाआड असलेला उत्पादक एकदम मोठ्यांच्या मैदानात आला. अनेक लघुउद्योजकांच्या मनातली अढी इथून सुरू होते, आणि ती समजण्यासारखी आहे.

नोंदणी करावी की करू नये?

उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर नोंदणी ऐच्छिक आहे. वरवर पाहता ‘नकोच ती कटकट’ हे उत्तर सोपं वाटतं. पण हिशेब करून बघू.

समजा, एका दुकानदाराने १०० रुपयांचा माल घेतला. त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ११८ रुपये मोजले. त्याला २० रुपये सुटायला हवेत.

नोंदणी नसेल तर १८ रुपये त्याच्या खर्चात गेले. तो माल १३८ रुपयांना विकेल. नोंदणी असेल तर त्या १८ रुपयांचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे माल १०० लाच पडला. त्यात २० मिळवून १२०, आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे बिल होईल १४१ रुपये ६० पैसे.

आता गिऱ्हाईक कोण आहे ते बघा. घरगुती ग्राहकासाठी १३८ हे १४१.६० पेक्षा स्वस्त आहे. त्याला क्रेडिटशी देणंघेणं नाही. तेव्हा गल्लीतल्या दुकानदाराला नोंदणी न करण्यात थोडा फायदाच आहे. पण गिऱ्हाईक एखादी कंपनी असेल, तर ती १४१.६० मधले २१.६० रुपये क्रेडिट म्हणून घेईल, आणि तिला माल १२० ला पडेल. नोंदणी नसलेल्याकडून घेतला तर पूर्ण १३८. अर्थातच कंपनी त्याच्याकडे जाणार नाही.

म्हणून एकाच आळीतल्या दोन दुकानदारांची मतं परस्परविरोधी असू शकतात. लोकांना थेट विकणाऱ्याला नोंदणी म्हणजे बेडी वाटते, आणि कारखान्यांना नट-बोल्ट, पुठ्ठ्याची खोकी किंवा कॅन्टीनचा माल पुरवणाऱ्याला नोंदणीशिवाय दारातही उभं करत नाहीत. कायद्याने ४० लाखांची सूट दिली, पण मोठ्या गिऱ्हाइकाने ती काढून घेतली, असा हा प्रकार आहे. जीएसटीच्या पहिल्या काही महिन्यांत तर नियमच असा होता, की नोंदणी नसलेल्याकडून माल घेतला तर त्यावरचा कर घेणाऱ्याने स्वतः भरायचा. बड्या खरेदीदारांनी छोट्या पुरवठादारांची नावं यादीतून काढायला सुरुवात केल्यावर ऑक्टोबर २०१७ मध्ये हा नियम स्थगित झाला.

ही अडचण फक्त आपली नाही. जपानमध्ये १९८९ पासून उपभोग कर आहे आणि एक कोटी येनपर्यंत उलाढाल असलेल्यांना त्यातून सूट आहे. बराच काळ अशा सूट असलेल्यांकडून घेतलेल्या मालावरही खरेदीदाराला क्रेडिट मिळत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून तिथे ‘इन्व्हॉइस पद्धत’ आली आणि क्रेडिटसाठी नोंदणीकृत विक्रेत्याचं बिल आवश्यक झालं. चित्रकार, आवाज देणारे कलाकार, एकट्याने काम करणारे कारागीर यांच्यापुढे तोच प्रश्न उभा राहिला: नोंदणी करून कर भरायचा, की काम गमवायचं? तिथल्या सरकारला काही वर्षांसाठी सवलती द्याव्या लागल्या.

कंपोझिशन: मधली वाट, पण एका बाजूने बंद

छोट्यांसाठी कायद्यात कंपोझिशन योजना आहे. दीड कोटींपर्यंत उलाढाल असलेला व्यापारी किंवा उत्पादक उलाढालीवर १ टक्का आणि रेस्टॉरंट ५ टक्के कर भरून मोकळं होऊ शकतं. सेवा देणाऱ्यांसाठी ५० लाखांपर्यंत ६ टक्के. दर तीन महिन्यांनी कर आणि वर्षातून एक रिटर्न, इतकंच काम.

यातली मेख अशी, की हा कर ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही. बिलावर ‘आम्ही कंपोझिशनखाली आहोत, कर वसूल करण्यास पात्र नाही’ असं लिहावं लागतं. खरेदीवरचं क्रेडिटही मिळत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही. मिठाई-फरसाण, स्टेशनरी, हार्डवेअर अशा स्थानिक, काउंटरवरच्या धंद्याला ही योजना बरी पडते. पण समोरचा क्रेडिट मागणारा असेल तर कंपोझिशनवाला आणि नोंदणी नसलेला त्याच्या लेखी सारखेच.

आणखी एक गंमत. किमान नफ्यावर चालणाऱ्या धंद्यात, उदाहरणार्थ घाऊक साखर-तेल, उलाढालीवरचा १ टक्का म्हणजे नफ्यातला मोठा हिस्सा असू शकतो. १ टक्का ऐकायला कमी वाटतो, पण तो नफ्यावर नसून विक्रीवर आहे, हे अनेकांना पहिल्या तिमाहीनंतर कळतं.

पैसे मिळाले नाहीत, तरी कर भरायचा

छोट्या कारखानदारांशी बोललात तर दरांच्या आधी ही तक्रार ऐकू येते. कर देय होतो तो सर्वसाधारणपणे बिलाच्या तारखेनुसार. पैसे हातात पडले की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही.

एखाद्या एमआयडीसीतला फॅब्रिकेशनचा गाळा डोळ्यांपुढे आणा. मे महिन्यात त्याने कंपनीला २ लाखांचं काम करून दिलं आणि ३६ हजार कर लावून २ लाख ३६ हजारांचं बिल पाठवलं. त्याने वापरलेलं पोलाद समजा १ लाखाचं होतं; त्यावरच्या १८ हजारांचं क्रेडिट त्याच्याकडे आहे. उरलेले १८ हजार त्याला २० जूनपर्यंत रोख भरायचे आहेत. कंपनी पैसे देणार नव्वद दिवसांनी, म्हणजे ऑगस्टमध्ये. मधल्या काळात सरकारला दिलेले १८ हजार कुठून आले? त्याच्या कॅश-क्रेडिट खात्यातून, किंवा उसनवारीतून, आणि त्यावरचं व्याज त्याने सोसलं. उशीर केला तर सरकार वर्षाला १८ टक्के दराने व्याज लावतं.

यात मजुरीचा मुद्दा दडलेला आहे. पगारावर जीएसटी नसतो, म्हणून त्याचं क्रेडिटही नसतं. ज्याच्या कामात कच्चा माल जास्त आणि मजुरी कमी, त्याचा बहुतेक कर क्रेडिटमधून फिटतो. ज्याच्या कामात हातांचं काम जास्त, त्याला तोच दर असूनही रोख जास्त काढावी लागते. सैद्धांतिकदृष्ट्या यात अन्याय काही नाही, कारण ते पैसे तो गिऱ्हाइकाकडून घेणारच असतो. पण ‘घेणार’ आणि ‘घेतले’ यांत नव्वद दिवस आहेत, आणि छोटा धंदा त्या नव्वद दिवसांतच बुडतो.

गिऱ्हाईक मोठं असलं तर या बाबतीत छोट्याला बोलायची सोय नसते. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागेल, असा नियम खरेदीदारासाठी आहे. पण कर भरणाऱ्याला एक महिना आणि पैसे देणाऱ्याला सहा महिने, ही तुलनाच पुरेशी बोलकी आहे. आयकर कायद्यात अलीकडे झालेला बदल जास्त धारदार आहे: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. हा नियम २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाला. त्याचं स्वागत झालं, तशी भीतीही व्यक्त झाली, की मोठे खरेदीदार उद्योग म्हणून नोंद असलेल्यांना टाळतील.

विक्रेत्याने चूक केली, शिक्षा खरेदीदाराला

जीएसटीतला सगळ्यात कडवट वाद क्रेडिटचा आहे. तुम्ही माल घेतला, करासकट पैसे चुकते केले, पक्कं बिल तुमच्याकडे आहे. तरीही तुमचं क्रेडिट जाऊ शकतं. कसं?

दर महिन्याला पोर्टलवर ‘जीएसटीआर-२बी’ नावाचा तक्ता तयार होतो. तुमच्या विक्रेत्यांनी आपल्या रिटर्नमध्ये जी बिलं दाखवली, ती त्यात उतरतात. जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे, की त्या तक्त्यात दिसेल तेवढंच क्रेडिट घ्यायचं. त्याआधी थोडी सूट होती: आधी २० टक्के, मग १०, मग ५, आणि आता शून्य. शिवाय कायद्याची अट अशी, की विक्रेत्याने तो कर प्रत्यक्षात सरकारला भरलेला असला पाहिजे. त्याने बिल दाखवलं पण पुढच्या सप्टेंबरअखेर कर भरला नाही, तर खरेदीदाराने नोव्हेंबरअखेर ते क्रेडिट परत करायचं. विक्रेत्याने नंतर भरलं तर पुन्हा घेता येतं, पण तोवर पैसे अडकलेले.

सरकारची बाजूही ऐकायला हवी. माल न हलवता नुसती बिलं फाडणाऱ्या बनावट कंपन्यांचं जाळं हे काल्पनिक नाही. अशा बिलांवर घेतलेलं क्रेडिट म्हणजे तिजोरीतून उचललेली रोख. जुळवणी सक्तीची केल्याशिवाय ते थांबवणं अवघड होतं. पण या चाळणीत बनावट कंपनी आणि विसराळू पुरवठादार दोघंही एकाच छिद्रातून पडतात, आणि भुर्दंड पडतो तो तिसऱ्याला. नोटिसा येतात तेव्हा बहुधा तीन-चार वर्षं उलटलेली असतात. तो विक्रेता दुकान बंद करून गेलेला असतो. न्यायालयांचे निकालही एका सुरात नाहीत. मद्रास आणि कलकत्ता उच्च न्यायालयांनी ‘आधी विक्रेत्याला धरा’ अशा आशयाचे निकाल दिले आहेत, तर पाटणा उच्च न्यायालयाने कायद्यातली अट जशीच्या तशी उचलून धरली आहे.

याचा परिणाम बाजारावर झाला आहे. पूर्वी पुरवठादार निवडताना माल आणि भाव बघायचे. आता ‘रिटर्न वेळेवर भरतो का’ हेही बघतात. काही खरेदीदार कराची रक्कम अडकवून ठेवतात आणि बिल २बी मध्ये दिसल्यावरच सोडतात. इथे छोट्यांसाठी आणलेली एक सवलतच त्यांच्या अंगाशी आली. जानेवारी २०२१ पासून ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तीन महिन्यांतून एकदा रिटर्न भरता येतं. कागदपत्रांचं काम कमी झालं, पण बिलं तिमाही संपल्यावर दिसू लागली, आणि गिऱ्हाईक ‘आमचं क्रेडिट तीन महिने का लटकवता?’ म्हणून ओरडू लागलं. त्यावर उपाय म्हणून मधल्या महिन्यांत १३ तारखेपर्यंत बिलं वेगळी चढवायची सोय आहे. म्हणजे रिटर्न तिमाही असलं, तरी काम पुन्हा मासिक. कर सल्लागाराची फी तेवढीच.

आणि ही फी हाच कराचा अदृश्य भाग आहे. रिटर्न भरायला लागणारा वेळ, सॉफ्टवेअर, सल्लागार हा खर्च उलाढालीच्या प्रमाणात वाढत नाही. शंभर कोटींच्या कंपनीत त्यासाठी एक विभाग असतो. पन्नास लाखांच्या दुकानात मालक स्वतः किंवा त्याची बायको रात्री गल्ला मोजून झाल्यावर बिलं लावत बसते. विलंब शुल्क सुरुवातीला दिवसाला २०० रुपये होतं, पुढे ते ५० (आणि व्यवहारच नसेल तर २०) झालं, आणि जून २०२१ पासून दीड कोटींपर्यंतच्या उलाढालीला एका रिटर्नमागे जास्तीत जास्त २ हजार अशी मर्यादा आली. पहिल्या दोन-तीन वर्षांत मात्र काहीही न विकता नुसत्या दंडापोटी हजारो रुपये भरणारे कमी नव्हते.

इचलकरंजीचा यंत्रमाग

कापडाचा धंदा घेतला की हे सगळे धागे एकत्र दिसतात. जीएसटीपूर्वी कापडावर बहुतांशी कर नव्हताच, म्हणून जुलै २०१७ मध्ये सर्वांत मोठा उद्रेक सुरतच्या कापड बाजारात झाला. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव या यंत्रमागाच्या गावांतही तीच धास्ती होती.

इचलकरंजीत अनेक यंत्रमागधारक ‘खर्चीवाले’ आहेत. म्हणजे व्यापारी सूत देतो, हे मजुरीवर कापड विणून परत देतात. यांच्या दृष्टीने उलाढाल म्हणजे कापडाची किंमत नव्हे, तर फक्त मजुरी. कायद्याच्या भाषेत ही सेवा आहे, म्हणून मर्यादा ४० नव्हे, २० लाखांची, आणि कर ५ टक्के. काही माग असलेला माणूस ही रेषा सहज ओलांडतो. त्याचे मोठे खर्च दोन: कामगारांची मजुरी आणि वीज. मजुरीवर क्रेडिट नाही हे वर आलंच. वीज तर जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे बिलात जो विद्युत शुल्काचा भाग असतो त्याचंही क्रेडिट नाही. डिझेल-पेट्रोलचंही तेच; त्यांवर अजूनही उत्पादन शुल्क आणि व्हॅट लागतो.

स्वतः सूत घेऊन कापड विकणाऱ्याची अडचण वेगळी होती. कृत्रिम धाग्यावर १२ टक्के आणि कापडावर ५ टक्के. खरेदीवरचा कर विक्रीवरच्या करापेक्षा जास्त, म्हणून क्रेडिट साठत जाई. सुरुवातीला कापडासाठी या साठलेल्या क्रेडिटचा परतावाही मिळत नव्हता. तो जुलै २०१८ अखेर खुला झाला. छोट्या विणकराच्या डोळ्यांपुढे त्याचे पैसे पोर्टलच्या वहीत दिसत होते, पण सुताच्या व्यापाऱ्याला देता येत नव्हते.

सप्टेंबर २०२५ चे नवे दर

२२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. आता मुख्य दर ५ आणि १८ टक्के आणि मोजक्या वस्तूंवर ४० टक्के आहेत. कृत्रिम तंतू आणि धाग्यावरचा करही ५ टक्क्यांवर आला, म्हणजे कापडातला वर सांगितलेला उलटा दर बऱ्याच अंशी सुटला. ग्राहक वाढेल म्हणून दुकानदार खूश होते, आणि ‘हे १२ मध्ये येतं की १८ मध्ये’ ही डोकेदुखी कमी झाली, हा फायदाही छोटा नाही.

पण दर घटतो तेव्हा आधी भरलेल्या मालाचं काय होतं? नोंदणीकृत दुकानदाराने १२ टक्के देऊन घेतलेला माल ५ टक्क्यांनी विकला, तर जादा क्रेडिट त्याच्या खात्यात राहतं आणि पुढे वापरता येतं. कंपोझिशनवाल्याला आणि नोंदणी नसलेल्याला मात्र क्रेडिटच नसतं. त्याने जुना कर किमतीत मोजलेला, आणि ग्राहक टीव्हीवर ऐकून नवा भाव मागणार. कंपनीने किंवा वितरकाने फरक दिला तर ठीक, नाहीतर तो त्याच्या खिशातून.

दुसरं, विक्रीचा दर उतरला तरी खर्चाचे सगळे दर उतरले नाहीत. ब्रँडचं पॅकबंद फरसाण १२ वरून ५ टक्क्यांवर आलं; पण प्लॅस्टिकचं पॅकिंग, यंत्रं, गाळ्याचं भाडं, जाहिरात यांवर १८ टक्के आहेत. साठणाऱ्या क्रेडिटचा परतावा कच्च्या मालापुरता मिळतो, सेवा आणि यंत्रसामग्रीवरच्या कराचा नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम वैध ठरवला. त्यामुळे नवं यंत्र घेऊन धंदा वाढवू पाहणाऱ्याला हा कर बराच काळ अडकवून ठेवतो.

करातल्या रेषा माणसाला काय काय करायला लावतात, याचा मासला धान्य बाजारात मिळतो. जुलै २०२२ मध्ये २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळ-पिठावर ५ टक्के कर आला. व्यापाऱ्यांनी बंद पाळला, आणि मग बाजारात २६ आणि ३० किलोची पोती दिसू लागली.

यूपीआयचा क्यूआर कोड आणि नोटीस

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात जे घडलं, त्याने देशभरातले टपरीवाले दचकले. तिथल्या वाणिज्य कर विभागाने २०२१-२२ पासूनच्या यूपीआय जमेच्या आधारे छोट्या विक्रेत्यांना नोटिसा पाठवल्या: तुमची उलाढाल मर्यादेपलीकडे आहे, नोंदणी का नाही? बंगळुरूत दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. त्यात भाजी, दूध असे करमुक्त माल विकणारेही होते. शेवटी अशांकडून कर वसूल केला जाणार नाही, असं राज्य सरकारला सांगावं लागलं.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागत नाही. पण करमुक्त आणि करपात्र दोन्ही विकत असाल, तर मर्यादा मोजताना दोन्हींची बेरीज धरतात. दुधाबरोबर बिस्किटं आणि शीतपेयं विकणाऱ्याचं गणित इथे चुकतं. दुसरं म्हणजे, मागच्या काळाचा कर एकदम मागितला, तर दुकानदाराने तो ग्राहकाकडून घेतलेलाच नसतो. तीन वर्षांपूर्वी चहा पिऊन गेलेल्या गिऱ्हाइकाकडे तो मागणार कसा? उपभोगावरचा कर अशा वेळी सरळ विक्रेत्यावरचा कर होतो. क्यूआर कोडवर आलेली प्रत्येक रक्कम विक्रीच असते असंही नाही. भिशीचे, उसनवारीचे, घरच्यांनी पाठवलेले पैसेही त्याच खात्यात येतात. धंद्याचं आणि घरचं खातं वेगळं ठेवा, हा सल्ला सल्लागार का देतात, ते अशा नोटिशीला उत्तर लिहिताना कळतं.

मग नोंदणीकृत असण्याचा फायदा काहीच नाही का?

आहे, आणि ज्यांना तो मिळाला त्यांचा आवाज कमी ऐकू येतो इतकंच. परराज्यातून माल आणणाऱ्या व्यापाऱ्याला आता पूर्ण क्रेडिट मिळतं. सोलापूरची चादर किंवा सांगलीचा बेदाणा दुसऱ्या राज्यातल्या घाऊक व्यापाऱ्याला विकणं कागदोपत्री सोपं झालं. जीएसटीची रिटर्नं हा उलाढालीचा पुरावा म्हणून बँका मानतात. तारण नसलेल्याला खेळत्या भांडवलाचं कर्ज मिळवताना ती उपयोगी पडतात. ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत ऑनलाइन विक्री करणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना नोंदणीची सक्तीही राहिली नाही. आणि वाद झाला तर दाद मागायला अपिलीय न्यायाधिकरण असावं, ही मागणी आठ वर्षांनी मार्गी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. तोवर पहिल्या अपिलात हरलेल्यापुढे थेट उच्च न्यायालय हाच रस्ता होता, आणि चाळीस हजारांच्या वादासाठी तो रस्ता कोण धरणार?

छोट्या व्यावसायिकांच्या मागण्यांत एक मागणी तशी जुनी आणि साधी आहे: पैसे मिळाले की कर घ्या. ही कल्पना अव्यवहार्य म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. ब्रिटनमध्ये साडेतेरा लाख पौंडांपर्यंत उलाढाल असलेल्यांना व्हॅटचा हिशेब प्रत्यक्ष जमेवर ठेवता येतो. त्यात खरेदीवरचं क्रेडिटही पैसे दिल्यावरच मिळतं, म्हणून तिजोरीला फार तोटा होत नाही. आपल्याकडेही सेवा कराच्या काळात ५० लाखांपर्यंतच्या सेवांसाठी व्यक्ती आणि भागीदारी संस्थांना पैसे हाती आल्यावर कर भरण्याची मुभा होती. १ जुलै २०१७ ला ती गेली, ती अजून परत आलेली नाही.